लाळेची बाजू

जीभ दाताखाली आली की ब्रह्मांड आठवतं. पण काही दिवसांनी जखम नेमकी कुठे होती हेही सांगता येत नाही. बोटाला तेवढंच कापलं असतं तर मलम लावून, पट्टी बांधून आपण किती जपलं असतं! जिभेच्या नशिबी तसलं काही नाही. माणसांच्या तोंडांत मिळून जीवाणूंच्या ७०० च्या आसपास जाती सापडल्या आहेत. त्या गर्दीत, कायम ओल्या जागेत, वर खाणं-बोलणं चालूच. तरी जखम सहसा चिघळत नाही.

याचं श्रेय लाळेला द्यायला मन धजत नाही. तोंडात आहे तोवर आपली, बाहेर पडली की किळस. दिवसाला अर्धा ते दीड लिटर तयार होते, त्यात ९९ टक्के पाणी. खरी करामत उरलेल्या टक्क्यात. तिथे हिस्टॅटिन असतात, म्हणजे प्रथिनांचेच अगदी आखूड तुकडे, पेप्टाइडं. हिस्टॅटिन-५ मध्ये अमिनो आम्लं जेमतेम २४, पण कॅन्डिडा बुरशीला तो पुरून उरतो. याच कुटुंबातले काही जखम भरून यायलाही हातभार लावतात. हिरड्यांच्या पेशी डिफेन्सिन नावाची अशीच पेप्टाइडं बनवतात, रक्तातल्या पांढऱ्या पेशी एलएल-३७ नावाचं आणखी एक आणतात. या बहुतेकांवर धन विद्युतभार असतो आणि जीवाणूंच्या आवरणावर ऋण. त्यामुळे ते तिथे चिकटतात, आवरणाला भोकं पाडतात. आपल्या पेशींचा बाहेरचा थर बराचसा तटस्थ, म्हणून त्या बचावतात. शत्रूची आधीची ओळख लागत नाही, हे मला फार आवडतं. अँटिबॉडी तयार व्हायला दिवस लागतात. हे आधीच हजर.

रॉल्फ कोस्टमन या स्वीडिश डॉक्टरांनी १९५६ साली वर्णन केलेल्या आजारात पांढऱ्या पेशी फार कमी असतात. पुढे औषधाने त्यांची संख्या वाढवता आली, तरी रुग्णांच्या हिरड्या खराब होतच राहिल्या. त्या पेशींत एलएल-३७ नव्हतं, हे २००२ मध्ये उघड झालं. शिपाई भरती झाले, पण बिनहत्यारी.

आणि हत्यारं असली तरी हा सगळा बंदोबस्तच, कत्तल नव्हे. माउथवॉशच्या जाहिरातीतला ‘९९.९ टक्के जंतूंचा नायनाट’ लाळेच्या अजेंड्यावर कधीच नव्हता. झोपेत ती जवळजवळ आटते, तेवढ्यात जीवाणू पसरतात. सकाळचा वास त्यांचाच. शिवाय समोरचेही कच्च्या गुरूचे चेले नाहीत. हिरड्यांच्या फटीत राहणारा पॉर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिस हा जीवाणू या पेप्टाइडांचेच आपल्या विकरांनी तुकडे करतो. त्याचं पोट मुळात प्रथिनांच्या तुकड्यांवरच भरतं, म्हणजे चालून आलेलं हत्यारही त्याला जेवणच!