आजोबा रागावलेले नाहीयेत

पार्किन्सन म्हटलं की सगळ्यांना थरथरणारे हात आठवतात, पण घरात लहान मुलं असतील तर त्यांना सगळ्यात आधी चेहऱ्याबद्दल सांगायला हवं असं मला मनापासून वाटतं. माझ्या सासऱ्यांचा चेहरा आता फारसा हलत नाही, पापण्यासुद्धा कमी लवतात. धाकटी चित्र दाखवायला गेली की ते नुसते बघत राहायचे, हिला वाटायचं आजोबा चिडलेत, मग तिने त्यांच्या खोलीत जाणंच कमी केलं.

तेव्हा तिला आजाराचं नाव घेऊनच सगळं सांगितलं. "आजोबांना बरं नाही" एवढ्यावर भागत नाही, कारण मुलांच्या लेखी बरं नाही म्हणजे ताप, आणि ताप तर उतरतो. मेंदूत डोपामाइन नावाचं एक रसायन बनतं, हालचालीसाठी ते लागतं, आजोबांच्या मेंदूत ते कमी बनतंय, म्हणून आनंद झाला तरी चेहऱ्यावर दिसत नाही. हा आजार पूर्ण जाणार नाही, गोळ्यांनी आराम पडतो, आजार कोणाला लागत नाही आणि तुझ्यामुळे झालेला नाही. हे शेवटचं तर मुलांनी विचारलं नाही तरी सांगाच, ती बोलत नाहीत पण मनात धरून बसतात.

मोठ्याचा प्रश्न वेगळाच, सकाळी शर्टाचं बटण लागत नाही आणि अकराला नेहरू पार्कमध्ये मस्त चालतात, मग आजोबा मुद्दाम करतात का? नाही रे बाबा, लेव्होडोपाच्या, म्हणजे पार्किन्सनच्या गोळीचा असर चढतो तसा उतरतोही. आता गोळीची वेळ तोच सांभाळतो, आधी गोळी आणि दूध-पनीर नंतर, कारण प्रोटीनमुळे काहींना गोळी नीट लागू पडत नाही.

उंबरठ्याशी त्यांचे पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात, तेव्हा हात धरून ओढायचं अजिबात नाही, तोल जातो. फिजिओथेरपिस्टने सांगितल्याप्रमाणे मुलांनी फरशीवर रंगीत टेपच्या आडव्या पट्ट्या लावल्यात, धाकटी मोठ्याने "एक, दोन" म्हणते आणि आजोबा पट्टी ओलांडून पाऊल टाकतात.

परवा इथे इंदूरच्या छप्पन दुकान या खाऊगल्लीत ओळखीचे एक काका भेटले, आजोबांसमोरच मला विचारायला लागले, "बाबूजी को क्या हो गया?" मी काही बोलायच्या आत धाकटी म्हणाली, "पार्किन्सन है अंकल, उन्हीं से पूछिए ना, बस थोड़ा रुकना पड़ेगा." आणि काका थांबले, आजोबा हळू आवाजात का होईना पण स्वतः बोलले, अगदी औषधाच्या नावापर्यंत सगळं.