सहा फुटी की नऊ फुटी: दोन दिवस गरवून आल्यावर

गेल्या आठवड्यात दोन दिवस गळाने मासे गरवायला गेलो होतो. पहिला दिवस मोठ्या तलावाच्या उघड्या काठावर, दुसरा झाडांनी झाकलेल्या ओढ्यावर. सोबत मुद्दाम दोनच रॉड घेतले, एक सहा फुटी आणि एक नऊ फुटी. दोन्ही कार्बनचे, दोन्हींवर ‘मीडियम’ लिहिलेलं. रीळ, म्हणजे दोरी गुंडाळायची चकरी, एकच, आलटून पालटून लावायचं.

तलावावर नऊ फुटी दूर फेकणार हे ठाऊकच होतं. हात तेवढाच फिरवला तरी लांब रॉडचं टोक जास्त वेगाने फिरतं. पण त्याचं खरं मोल कळलं ते काठाशी. चार-पाच हातांवर पाण्याखाली दगडांची रांग होती. सहा फुटीवर लागलेला पहिला मासा अगदी जवळ आल्यावर त्या दगडांत शिरला, दोरी घासली आणि तुटली. फार हळहळलो. नंतर नऊ फुटी घेतला, टोक उंच धरलं, तर दोरी दगडांच्या वरून येऊ लागली आणि तीन मासे सुखरूप बाहेर आले. लांबवर चावा आला तरी याचाच उपयोग. नायलॉनची दोरी ताणली जाते आणि गळ रुतवायला दिलेला हिसका त्या ताणात जिरतो. पाव वर्तुळाचा हिसका दिला तर सरळ रेषेत मोजल्यास सहा फुटीचं टोक साडेआठ फूट सरकतं, नऊ फुटीचं पावणेतेरा.

दुपारपर्यंत मात्र अंगठ्याच्या मुळाशी कळ येऊ लागली. रॉड ही तरफच, आणि तिचं लांब टोक माशाच्या ताब्यात असतं. रॉड वाकला की ते अंतर कमी होतं, म्हणून मासा जोर करत असताना रॉडला वाकू द्या. फक्त मासा पायाशी आल्यावर रॉड उभा करून मागे खेचू नका. सगळा ताण बारीक टोकावर येतो आणि ते मोडतं.

ओढ्यावर नऊ फुटी पहिल्याच फेकीला फांदीत अडकला, तो मी बाजूलाच ठेवला. सहा फुटीने कमरेच्या उंचीवरून आडवी फेक करता येते. आमिष वाळूवरून सरकताना मध्येच एखादा खडा लागला की तर्जनीला बारीकसं ‘टक्’ कळायचं, आणि माशाने नुसतं तोंड लावलं तरी ते खड्यापेक्षा वेगळं, मऊ लागायचं. आदल्या दिवशी नऊ फुटीवर असे हलके चावे मला बोटांना कळण्याआधी टोकावर दिसत होते. लांब रॉडचं टोक जड पडतं आणि त्या वजनात बारीक हालचाल हरवते. घेण्याआधी रीळ लावून रॉड रिळाच्या किंचित पुढे बोटावर तोलून पाहा. टोक झपकन खाली गेलं तर तेवढा भार दिवसभर मनगटाने उचलायचा आहे.

आता त्या ‘मीडियम’बद्दल. ही पॉवर, म्हणजे रॉड वाकवायला किती जोर लागतो ते. ॲक्शन म्हणजे तो कुठे वाकतो. फास्ट असेल तर साधारण वरच्या तिसऱ्या हिश्शात वाकतो, पण नऊ फुटीचा तिसरा हिस्सा तीन फुटांचा, सहा फुटीचा दोनच, म्हणून शब्द एकच असला तरी हाताला वेगळं लागतं. शिवाय एकाच जाडीची काठी दीडपट लांब केली तर तेवढ्याच वजनाला तिपटीहून जास्त वाकते. ते टाळायला लांब रॉड बुडाशी जाड करतात. त्यामुळे लेबलपेक्षा मुठीच्या वर लिहिलेलं आमिषाचं वजन आणि दोरीची ताकद वाचा. मोडलेलं टोक कापून दोरी ओवायची नवी कडी बसवली तर रॉड ताठ होतो आणि हलकं आमिष पूर्वीसारखं फेकत नाही, हेही ध्यानात ठेवा.

एकच घ्यायचा असेल तर मी सात फुटी घेईन. उघड्या काठावरच जाणार असाल तर बेलाशक नऊ फुटी. मात्र कार्बनमधून वीज वाहते. विजेच्या तारांखाली रॉड उभा धरून चालू नका, आणि ढग गडगडू लागले की तो आडवा ठेवून त्याच्यापासून दूर व्हा.