तुम्ही विचारलंत म्हणून: दिवाणखान्यात विदूषकाचा फोटो कशासाठी?

पुण्याहून आमच्याकडे सिअॅटलला येणारे पाहुणे चहा घेता घेता भिंतीकडे पाहतात आणि जरा संकोचाने विचारतात, की आईवडिलांच्या तसबिरींशेजारी हा रंगवलेल्या तोंडाचा, ठिगळांच्या कोटातला विदूषक कशासाठी? अमेरिकेतली मुले विदूषकाला घाबरतात ना, असेही कोणी पुढे म्हणते. अनोळखी विदूषकाला मूल घाबरते हे खरे आहे, पण फोटोतला हा टीव्हीवरचा विदूषक, जे. पी. पॅचेस, या शहराला अनोळखी नव्हता, आणि माझे उत्तर तेथूनच सुरू होते.

आम्ही १९७५ साली येथे आलो तेव्हा माझा मुलगा चार वर्षांचा होता आणि त्याला इंग्रजीचा एक शब्द येत नव्हता. सकाळी मी पोळ्या लाटत असताना तो टीव्हीसमोर बसे आणि कायरो या स्थानिक वाहिनीवर पॅचेसचा कार्यक्रम लागे. वाहिनी फेब्रुवारी १९५८मध्ये सुरू झाली तेव्हापासूनच हा कार्यक्रम होता. पॅचेस साकारणारे ख्रिस वेडिस मिनियापोलिसहून येथे आले आणि १९८१पर्यंत त्यांनी हे काम केले. पॅचेस हा शहराच्या कचराडेपोचा महापौर, आणि त्याचे घर म्हणजे त्या डेपोतली एक खोपटी. कार्यक्रम थेट प्रसारित होई. लिहिलेली संहिता जवळजवळ नसे. चुकले तर चुकलेलेच घराघरांत दिसे, आणि मुलांना तेच फार आवडे. त्याची प्रेयसी गर्ट्रूड ही भूमिका बॉब न्यूमन नावाचे पुरुष कलावंत करीत, आणि कार्यक्रमातली इतर कितीतरी पात्रेही तेच रंगवीत. माझे सासरे साताऱ्याहून आले होते तेव्हा त्यांनी एक दिवस हा कार्यक्रम पाहिला. भाषा कळत नसतानाही गर्ट्रूड दिसताच ते म्हणाले, ‘अगं, ही तर गवळणीतली मावशी!’ समोरचा काय बोलेल हे ठाऊक नसताना त्याला तिथल्या तिथे उत्तर देण्याची तमाशातल्या सोंगाड्याची विद्या त्यांनी लगेच ओळखली होती.

पण माझ्या मनात घर करून बसली आहे ती दुसरीच गोष्ट. पॅचेसकडे ‘आय सी यू टू’ नावाचा एक खोटा टीव्ही होता. त्यातून त्याला मुलांची घरे दिसतात, असे तो सांगे. आईवडील आधी पत्र पाठवून मुलाचे नाव, वाढदिवस आणि भेटवस्तू कोठे लपवली आहे ते कळवीत. मग पॅचेस त्या यंत्रातून पाहिल्यासारखे करून ती जागा मुलाला सांगे. मुलाच्या सहाव्या वाढदिवसासाठी मीही तसे पत्र लिहिले, नावाचा उच्चार इंग्रजी अक्षरांत फोड करून दिला, आणि लाकडी आगगाडी तांदळाच्या डब्यात लपवली. त्या सकाळी टीव्हीतून स्वतःचे नाव ऐकून मुलगा क्षणभर गप्पच झाला आणि मग स्वयंपाकघरात धावला. तांदूळ फरशीभर झाले. शाळेत त्या नावाची रोज मोडतोड होत असे, आणि मूल ते नाव सांगायला लाजू लागले होते. त्या दिवसानंतर ते लाजले नाही. हे गावाबाहेरच्या कोणा कार्यक्रमाला जमले नसते, असे मला आजही वाटते.

असे विदूषक त्या काळी अमेरिकेत शहरोशहरी होते. त्यांतला सर्वांत प्रसिद्ध बोझो हा मूळचा १९४६च्या ध्वनिमुद्रिकेतला. पुढे लॅरी हार्मन यांनी त्याचे हक्क घेऊन तो स्थानिक वाहिन्यांना दिला. तीच लाल केसांची रंगभूषा, पण शहरागणिक माणूस वेगळा. शिकागोच्या डब्ल्यूजीएन वाहिनीवर बॉब बेल यांनी १९६०पासून १९८४पर्यंत बोझो केला, आणि तेथे प्रेक्षकांत बसण्याच्या तिकिटासाठी लोक वर्षानुवर्षे थांबत. रांगेत मांडलेल्या सहा बादल्यांत चेंडू टाकण्याचा तेथला खेळ त्या भागातल्या पिढ्यांच्या तोंडी आहे.

हे सारे का संपले, हेही पाहुणे विचारतात. हे विदूषक कार्यक्रमाच्या मधोमध पाव, दूध, खेळणी यांची शिफारस स्वतःच करीत, आणि लहान मुलाला मित्राचा शब्द आणि जाहिरात यांतला फरक कळत नाही. बॉस्टनजवळच्या पेगी शॅरन आणि इतर पालकांनी १९६८ साली संघटना काढून याविरुद्ध आवाज उठवला, आणि सत्तरच्या दशकात सूत्रधारांनी माल विकण्यावर बंदी आली. एक आई म्हणून मला ती बंदी योग्यच वाटते. मात्र तिच्यामुळे स्थानिक कार्यक्रमांचे उत्पन्न आटले, आणि तयार व्यंगचित्रपट विकत घेणे स्वस्त पडू लागले. मग केबलवर केवळ मुलांच्या वाहिन्या आल्या आणि सकाळची वेळ बातम्यांनी घेतली. शिकागोचा बोझो सर्वांत जास्त टिकला. तोही २००१च्या उन्हाळ्यात बंद झाला. बंदी घालणाऱ्यांनी जाहिरात काढली ते बरे केले, पण गावातल्या मुलांची नावे घेणारा माणूस टिकावा यासाठी पैशाची दुसरी सोय कोणी केली नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते. थेट प्रसारणामुळे पॅचेसचे फार थोडे कार्यक्रम चित्रमुद्रित स्वरूपात उरले आहेत, आणि मुलाच्या वाढदिवसाचा तो दिवस त्यांत नाही.

कार्यक्रम संपल्यावरही वेडिस तीस वर्षे ठिगळांचा कोट घालून जत्रांना आणि समारंभांना जात राहिले. २००८ साली शहराच्या फ्रीमाँट भागात पॅचेस आणि गर्ट्रूड यांचा पुतळा उभा राहिला. २०१२च्या जुलैमध्ये वेडिस गेले. त्या आठवड्यात माझा मुलगा, आता स्वतः दोन मुलींचा बाप, कामावरून थेट फ्रीमाँटला गेला आणि पुतळ्याच्या पायाशी त्याने मूठभर तांदूळ ठेवले. भिंतीवरचा फोटो त्या संध्याकाळचा आहे.