पणजीतला नाताळ: कापसाचा बर्फ, शिंपल्यांच्या खिडक्या आणि नाचणीची रोपं

कोल्हापुरातून पहाटे निघताना अंगात स्वेटर होता. आजऱ्यात त्यावर शाल आली, आणि आंबोलीत दोन्ही असूनही चहाचा कप दोन्ही हातांनी धरायची वेळ आली. घाट उतरलो तशी सावंतवाडीत शाल गेली, बांद्यात स्वेटर गेला. मांडवीच्या पुलावर एसटी चढली तेव्हा खिडकीशी बसलेल्या सगळ्यांचे डोळे उन्हाने बारीक झाले होते. तारीख २२ डिसेंबर. आत्या स्टँडवर न्यायला आली होती, हातात छत्री घेऊन. उन्हासाठी.

आत्या लग्न होऊन पणजीला आली त्याला चाळीसेक वर्षं झाली. मी तिच्याकडे आजवर मे महिन्यात आणि गणपतीत आले होते, नाताळात कधीच नाही. "डिसेंबरात गोव्याला नको, गर्दी असते" हे आमच्या घरातलं ठरलेलं वाक्य. गर्दी असते ती किनाऱ्यावर. पणजीच्या जुन्या गल्ल्यांत त्या मानाने शांतता असते, हे एवढी वर्षं मला कुणी सांगितलं नव्हतं.

संध्याकाळी आम्ही १८ जून रस्त्यावर गेलो. राममनोहर लोहियांनी १९४६ साली याच तारखेला मडगावात सभा घेऊन पोर्तुगीजांना ललकारलं, म्हणून रस्त्याला हे नाव. आता तिथे काजूची दुकानं, कपड्यांची दुकानं, मिठाईवाले, मोबाइलवाले आहेत. नाताळात या सगळ्यांच्या शोकेसमध्ये बर्फ पडतो. पिंजलेला कापूस, थर्माकोलचे गोळे, वर चमकी. एका कपड्यांच्या दुकानात कापसाच्या ढिगाऱ्यात सांताक्लॉज उभा होता, आणि त्याच्याच पायाशी बिनबाह्यांचे सुती झगे आणि रबरी चपला मांडून ठेवल्या होत्या. बाहेर आम्ही घाम पुसत उभ्या. आत्या म्हणाली, "हसू नको. तुमच्या गणपतीच्या देखाव्यात हिमालय असतो तो चालतो ना?"

तिचं बरोबर होतं, पण मला तो कापूस काही केल्या आवडला नाही. काजूवाल्याची शोकेस मात्र मनापासून आवडली. त्याने नुसत्या काजूंच्या बरण्या रचून मागे पिवळा बल्ब लावला होता. बर्फ नाही, सांता नाही, आणि तरी दहा पावलं मागे येऊन परत बघावंसं वाटलं.

मिठाईच्या दुकानांपुढे पाय आपोआपच थांबले. काचेमागे दोदोल, दोस, कुलकुल, पेराद आणि बेबिंका. बेबिंकाचा आडवा काप ठेवला होता, म्हणजे थर मोजता यावेत. नारळाचं दूध, अंड्यांचे बलक, साखर, तूप आणि थोडा मैदा. एक थर वरून निखारे ठेवून भाजायचा, मग त्यावर दुसरा ओतायचा. रिवाजाने सात थर लागतात, त्यामुळे घाईच्या माणसाचं हे काम नव्हे. २०२३ मध्ये बेबिंकाला भौगोलिक मानांकन मिळालं. शेजारी नेवऱ्यो होत्या, म्हणजे थेट आपल्या करंज्या. मी अर्धा किलो बेबिंका घ्यायला निघाले तर आत्याने दंडाला धरून मागे ओढलं. "दोन दिवस थांब. उद्या-परवा ताटं यायला लागतील."

ताटं म्हणजे कोन्सोआदा. नाताळात ख्रिस्ती घरांतून शेजाऱ्यांकडे गोडाधोडाचं ताट जातं. आत्याकडून दिवाळीत चकल्या-लाडू जातात, डिसेंबरात त्याच ताटांवरून दोदोल परत येतो. ताट रिकामं परत द्यायचं नाही हा नियम दोन्हीकडे सारखाच.

नाताळ हा शब्दच मुळात पोर्तुगीज. पाव, चावी तशीच. आपण रोज वापरतो आणि विसरून जातो.

दुसऱ्या दिवशी रात्री मळा नावाच्या भागातून फोंताइन्यास या पणजीच्या जुन्या पोर्तुगीज वळणाच्या वस्तीत उतरलो. दिवसा इथे फोटो काढणाऱ्यांची झुंबड असते. लोकांच्या दारात, लोकांच्या जिन्यावर, परवानगी न घेता. रहिवासी वैतागले आहेत आणि त्यांचा वैताग मला पूर्णपणे पटतो. म्हणून आम्ही जेवणं उरकून गेलो आणि फोन पिशवीतच ठेवला.

रात्री या गल्लीचं गुपित कळतं. जुन्या घरांच्या काही खिडक्यांना काच नाही, शिंपल्याची तावदानं आहेत. लाकडी चौकटीच्या खाचांत चपट्या शिंपल्यांच्या तबकड्या तासून बसवलेल्या. दिवसा त्या राखाडी, जरा मळकटच दिसतात. आतला दिवा लागला की सगळी खिडकी दुधासारखी उजळते. आतलं काही दिसत नाही, नुसता उजेड बाहेर झिरपतो. एखादी सावली सरकते. १८ जून रस्त्यावरच्या सगळ्या काचा दाखवायला होत्या. इथे काही दाखवायचं नव्हतं, आणि मी तिथेच सगळ्यात जास्त वेळ रेंगाळले.

गल्लीच्या टोकाला आत्याच्या ओळखीची एक म्हातारी राहते. दोघी एकेकाळी एकाच कचेरीत होत्या. दारावर भलामोठा तारा लटकत होता, बांबूच्या कामट्यांचा, लाल-पिवळ्या कागदाचा. कोकणीत याला नखेत्र म्हणतात. "ये गो, भितर ये," म्हणत तिने आम्हाला थेट कोपऱ्यातल्या गोठ्यापाशी नेलं. येशूचा जन्म गोठ्यात झाला, म्हणून घरोघर गवताचा गोठा करतात. तिच्या गोठ्यात मातीच्या गाई, मेंढपाळ, आरशाच्या तुकड्याचं तळं होतं. पाळणा रिकामा होता. बाळ चोवीसच्या मध्यरात्रीनंतरच ठेवायचं.

आणि तळ्याभोवती हिरवंगार शेत. खरं! वाटीत, झाकणांत, फुटक्या बशीत बोटभर उंचीची कोवळी रोपं. मी वाकून बघितलं. नाचणी होती. भिजवून, माती पसरून, आठवडाभर आधी पेरलेली. रोज पाणी शिंपडायचं, ऊन फार लागू द्यायचं नाही.

मला एकदम आमच्या देवघरातला घट दिसला. नवरात्रात आई पत्रावळीवर माती पसरून धान्य पेरते, रोज सकाळी आधी रुजवण किती वाढलं ते बघते आणि मग चहा टाकते. दसऱ्याला ते कोंब टोपीत, कानामागे खोचायचे. मी हे सांगितलं तशी म्हातारी खूश झाली. तिने विचारलं, "मग तुमचं जास्त उंच वाढतं की आमचं?" मी म्हटलं, तुमचं नाजूक आहे. आत्या म्हणाली, "नाचणी आणि गव्हाची काय तुलना करता गो?" यावर दोघींचा बराच वेळ वाद झाला. मी तोवर दोदोल संपवला.

परतताना वाटेत पोरांनी अडवलं. खुर्चीवर गवत भरलेला एक म्हातारा बसवला होता. जुनी पँट, चौकड्यांचा शर्ट, डोक्यावर टोपी. सरतं वर्ष म्हणजे हा म्हातारा. त्याच्या नावाने पैसे गोळा करायचे आणि ३१ डिसेंबरच्या रात्री त्याला जाळायचं. दोन महिन्यांपूर्वी दिवाळीच्या आदल्या रात्री याच पोरांनी नरकासुर जाळला असेल. मी वीस रुपये दिले. त्यातला एक म्हणाला, "मॅडम, फटाके महाग झाले." आणखी दहा दिले.

२४ तारखेच्या मध्यरात्री चर्च ऑफ इमॅक्युलेट कन्सेप्शनच्या पायथ्याशी उभ्या होतो. १५४१ साली इथे छोटं चॅपल होतं. आता ती पांढरीशुभ्र नागमोडी पायऱ्यांची इमारत म्हणजे पणजीची ओळखच झाली आहे. कठड्यांवरून दिव्यांच्या माळा वळणं घेत वर जात होत्या. या मध्यरात्रीच्या मिसेला, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेला, पोर्तुगीजांत कोंबड्याची मिसा म्हणतात. घंटा वाजली. सुटाबुटातले आजोबा आणि नव्या बुटांनी पाय चावलेली पोरं एकमेकांना मिठ्या मारायला लागली. बूट हातात घेतलेली एक चिमुरडी आमच्याकडे येऊन "मेरी ख्रिसमस" म्हणून पळाली.

बाजारातून मीही एक बांबूचा तारा घेतला होता, दीडशे रुपयांना. छापील पुठ्ठ्याचे तारे स्वस्त होते, नको म्हटलं. पंचवीसच्या एसटीत तो मांडीवर धरून बसले. आंबोलीच्या वळणांवर शेजारच्या काकांचं डोकं त्यावर कलंडलं आणि एक टोक मोडलं. घरी आल्यावर बाबांनी उदबत्तीच्या काड्या दोऱ्याने बांधून ते सरळ केलं. रात्री गॅलरीत लावला.

खालच्या मजल्यावरच्या काकू जिन्यात आईला म्हणाल्या, "अहो, दिवाळी होऊन किती दिवस झाले, आकाशकंदील उतरवला नाहीत अजून?"

"तो उतरवला हो," आई म्हणाली, "हा आज लावलाय."