सीपीआरच्या कमानींखालचा तास

सर्वेक्षणाच्या प्रात्यक्षिकासाठी अभियांत्रिकी पदविकेच्या विद्यार्थ्यांना घेऊन मी कोल्हापूरच्या बिंदू चौकातून निघालो, तेव्हा जुन्या तटबंदीच्या उरलेल्या भागापासून टाउन हॉलच्या बागेपर्यंत लेव्हल न्यायची, म्हणजे जमिनीची उंची टप्प्याटप्प्याने मोजत जायचे, एवढेच काम ठरले होते. भाऊसिंगजी रस्त्यावर पावसाने गाठले आणि यंत्र झाकून आम्ही सीपीआर (छत्रपती प्रमिलाराजे) रुग्णालयाच्या जुन्या इमारतीच्या कमानींखाली थांबलो. या इमारतीचा आराखडा मेजर मँट यांचा, हे मुलांना ठाऊक होते. तिथे रुग्णांचे नातेवाईक डबे-पिशव्या घेऊन दाटीने बसले होते, तरी वारा खेळत होता आणि कोंदट वाटत नव्हते.

स्टाफ, म्हणजे मोजणीची खुणांची पट्टी, धरणाऱ्या मुलीने विचारले, "सर, मेजर मँट लष्करातले ना? मग त्यांना दवाखान्यातलं काय कळत होतं?"

इतका नेमका प्रश्न मला वर्गात क्वचितच ऐकायला मिळाला आहे. मी सांगितले की चार्ल्स मँट रॉयल इंजिनिअर्सचे अधिकारी होते आणि त्या काळी हिंदुस्थानात पूल, रस्ते, कचेऱ्या बांधणारे पुष्कळ अभियंते लष्करी शिक्षण घेतलेलेच असत. 1854 मध्ये सार्वजनिक बांधकाम खाते स्थापन झाल्यावरही तीच माणसे तिथे आली. हाताखालचे ओव्हरसिअर घडवण्यासाठी त्याच वर्षी पुण्यात अभियांत्रिकीचा वर्ग निघाला, आणि आमच्या पदविकेची वंशावळ मी तिथपर्यंत नेतो. हवेचे महत्त्व मात्र या लोकांना फार मोठी किंमत मोजून कळले होते. हिंदुस्थानातल्या गोऱ्या फौजेत वर्षाला हजारी 69 माणसे मरत, आणि त्यांतली बहुतेक लढाईत नव्हे, तर पटकी, हगवण व तापाने, असे 1863 च्या चौकशी अहवालाने मांडले. त्यानंतर बराकींची उंची, खेळती हवा, सांडपाण्याचा निचरा आणि दाट वस्तीपासूनचे अंतर हे लष्करी अभियंत्याच्या रोजच्या विचाराचे विषय झाले.

"पण जागा आणि पैसा द्यायचं कोण ठरवत होतं?" दुसऱ्याने विचारले. हा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो. कोल्हापूरचे राजाराम महाराज 1870 मध्ये फ्लॉरेन्सला वारले. त्यांच्यामागे दत्तक घेतलेले चौथे शिवाजी अल्पवयीन असल्याने कारभारावर इंग्रजांचा ताबा होता. मँट यांचाच टाउन हॉल 1872 ते 1876 या काळात याच व्यवस्थेत उभा राहिला. ज्या शहरात 1857 च्या जुलैत 27 व्या पलटणीने बंड केले, त्याच शहराची वाढ पुढे वर्दीतल्या अभियंत्याच्या आराखड्याने झाली, हे मला विद्यार्थ्यांपासून लपवायचे नव्हते. इमारतींचे मोल त्याने कमी होत नाही. निर्णय कोणाचा होता, हे मात्र नोंदवायला हवे. त्यांच्याच आराखड्याने 1877 मध्ये सुरू झालेला नवा राजवाडा 1884 मध्ये पुरा झाला, पण मँट 1881 मध्येच वारले होते.

पाऊस ओसरल्यावर आम्ही उरलेली वाचने घेतली. फील्डबुकात मी प्रत्येकाला एक जास्तीचे पान लिहायला लावले: ही जागा कोणी निवडली, खर्च कोणाच्या तिजोरीतून झाला आणि पावसाचे पाणी कोणत्या बाजूला वाहते.