झील कोण धरणार?

१ ऑगस्ट, रात्री

आज शाहीर अण्णाभाऊ साठेंची जयंती. दिवसभर पाऊस. घाटकोपरला चिरागनगरच्या तोंडाशी मिरवणूक खोळंबली होती आणि हलगीवाल्या पोरांनी एका दुकानाच्या पत्र्याखाली पुठ्ठे पेटवले होते. पावसाळ्यात कातडं ओल धरतं, आवाज बसतो. मग हलगी जाळावर धरायची, अंगठ्यानं दाबून बघायची, टिचकी मारून कान लावायचा, पुन्हा धरायची. जास्त तापली तर फाटते, म्हणून एकजण फक्त तेवढंच बघत बसला होता. हलगी चांगली कडक झाली, त्यानं पहिली थाप मारली, आणि नेमका मागच्या ट्रकवरचा डीजे सुरू झाला. दहा पावलांवरही हलगी ऐकू येईना.

डीजेवर गाणं अण्णाभाऊंचंच होतं, शब्दही खरे होते. पोरं बेभान नाचत होती, त्यांच्या आनंदाबद्दल माझी काही तक्रार नाही. मला खटकलं ते एवढंच की त्या एवढ्या गर्दीत गात कुणीच नव्हतं.

बाबा असते तर हे त्यांनाही लागलं असतं. ते झीलकरी होते, म्हणजे शाहिराच्या मागं उभं राहून त्याची ओळ उचलून धरणारे. शाहीर कधीच झाले नाहीत, व्हायची इच्छाही नव्हती. १९८२ च्या गिरणी संपात गेट मीटिंगला, चाळीच्या चौकात, कुठंही डफ वाजला की ते मागच्या रांगेत उभे राहायचे. पुढच्यानं ओळ टाकली की हे चौघं-पाचजण ती उचलायचे आणि 'जी रं जी जी' करत वर न्यायचे. बाबा म्हणायचे, पुढचा गातो तोवर गाणं त्याचं, झील उठली की सगळ्यांचं. त्या संपात सुमारे अडीच लाख कामगार होते आणि तो संप हरला. आमच्या घरानं त्याची किंमत मोजली. पण पगार नसलेल्या त्या महिन्यांत माणसं संध्याकाळी घराबाहेर पडत होती, एकमेकांची तोंडं बघत होती, ती या गाण्यांपायी. संप जिंकून देणं गाण्याच्या हातात नसतं. माणूस एकटा पडू न देणं मात्र असतं, आणि हे काम मी छोटं मानत नाही.

अण्णाभाऊंची 'माझी मैना' आज पुन्हा शांतपणे ऐकली. शांतपणे म्हणजे घरी येऊन, ओले कपडे बदलून. ही छक्कड, म्हणजे लावणीच्या अंगाचं गाणं, बांधली आहे कशी, याचं मला दर वेळी नवल वाटतं. आधी नुसता विरह. गडी मुंबईला निघालाय, बायको गावी राहतेय, आणि तिची समजूत काढायला हा दागिने कबूल करतोय, कोल्हापुरी साज काय, वज्रटीक काय. ऐकणारे बहुतेक गिरणीतले गडी. एकेका खोलीत पंधरा-वीसजण, पाळीपाळीनं झोपायचे, खानावळीत जेवायचे, बायका सगळ्यांच्या गावी. त्यांना वाटायचं, आपल्याच जिवाचं सांगतोय. मग मुंबई येते, तिच्या इमारती आणि तिची गरिबी. आणि अगदी शेवटाकडे अण्णाभाऊ वळण घेतात. जी गत माझ्या मैनेची तीच खंडित महाराष्ट्राची. बेळगाव, कारवार, डांग, उंबरगाव ही नावं येतात आणि तोवर बायकोच्या आठवणीनं हळवा झालेला गडी संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात उभा असतो. राज्य पुनर्रचनेचा अहवाल त्या गड्यानं कशाला वाचला असेल? ताटातूट मात्र त्याला पाठ होती. २१ नोव्हेंबर १९५५ ला फ्लोरा फाउंटनजवळ गोळीबार झाला. पुढं या लढ्यात शंभरावर माणसं गेली, तेव्हा कुठे १ मे १९६० उजाडला. बेळगाव अजून तिकडेच आहे, त्यामुळे छक्कड जुनी होत नाही.

रूप जुनं ठेवायचं आणि आतला माल बदलायचा, ही आपल्याकडची फार मुरलेली रीत. जोतिबा फुल्यांच्या सत्यशोधक चळवळीतल्या जलशांनी तमाशाचा साचा घेतला आणि त्यातून भटशाहीवर, सावकारीवर कोरडे ओढले. १९३० च्या दशकात भीमराव कर्डकांचे आंबेडकरी जलसे पाणवठ्याबद्दल, शिक्षणाबद्दल, जुन्या अपमानाच्या चाली सोडण्याबद्दल बोलू लागले. असा एक जलसा माझ्या दहा सभांच्या तोलाचा, असं बाबासाहेब म्हणाल्याचं सांगतात. १९४४ मध्ये अण्णाभाऊ, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभं केलं. अण्णाभाऊंनी तमाशाच्या सुरुवातीच्या गणपतीच्या गणाऐवजी मायभूमीला आणि शिवबाला वंदन घातलं, गवळण काढून टाकली. बसणाऱ्याला बैठक ओळखीची, ढोलकी ओळखीची, म्हणून नवी गोष्ट त्याच्या गळी उतरायची. स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारनं तमाशावर बंदी आणली, तिचा फटका या कलापथकालाही बसला. ज्याला सरकार एवढं बिचकतं ते नुसतं मनोरंजन नक्कीच नसतं.

आणि जात्यावरच्या ओव्या. त्यांना कुणी चळवळ म्हटलं नाही. गी पॉइटवँ आणि हेमा राईरकर या अभ्यासकांनी गावोगाव फिरून लाखावर ओव्या गोळा केल्या, त्यात बायकांनी सासर, नवरा, दुष्काळ, जात, सगळ्यांना सुनावलंय. पुरुष झोपलेले असताना, पहाटे. एकीनं ओळ म्हणायची, समोर खुंट्याला हात लावून बसलेलीनं ती उचलायची. बाबांचंच काम, फक्त डफाऐवजी जात्याची घरघर. पिठाची गिरणी आली, जातं कोपऱ्यात गेलं, आणि दोघींनी समोरासमोर बसायची ती जागाच गेली. गिरणीनं बायकांचे कष्ट वाचवले हे मला मान्यच आहे, पण त्या ओवीला दुसरी जागा आपण दिली नाही.

सगळं संपलं असं मात्र मी लिहिणार नाही, कारण मार्च २०१८ मी पाहिलाय. नाशिकहून चालत आलेले किसान सभेचे शेतकरी विक्रोळीत हायवेनं चालले होते. पाय फोडांनी भरलेले, काहींच्या चपला तुटलेल्या. आम्ही बिस्किटं आणि पाणी घेऊन कडेला उभे होतो. एका टोळक्यात एक म्हातारी ओळ टाकत होती आणि मागच्या बाया ती उचलत होत्या. वनजमिनीचं गाणं असावं, बोली मला सगळी कळली नाही. दमलेली माणसं ओळीच्या ठेक्यावर पाऊल टाकत होती हे मात्र स्पष्ट दिसलं. त्या रात्री सोमय्या मैदानावर सकाळपर्यंत मुक्काम न करता ते रात्रीच पुढं निघाले, दहावीच्या मुलांना सकाळी परीक्षेला जाताना अडचण नको म्हणून.

आमच्या वस्तीतल्या पोरींनी यंदा डफ घेतलाय. एकीनं पुनर्विकासावर गाणं लिहिलंय. आधी भाड्याच्या घरात पाठवतात, मग वर्षानुवर्षं इमारत उठत नाही, असं. तिच्या आजीची हकीकत आहे, म्हणून त्यात जीव आहे. अडचण धृपदाची. ओळ इतकी लांब की पुढच्या गाणाऱ्याचा श्वास पुरतो, मागच्यांच्या तोंडात ती बसत नाही. मी म्हटलं, अर्धी कर. ती म्हणाली, ताई, मग त्यातला बिल्डर जातो आणि बिल्डर गेला तर गाण्यात राहिलं काय? तिचं म्हणणं खरं आहे. बिल्डर राहिला पाहिजे आणि ओळही चौघींना एका दमात उचलता आली पाहिजे. रविवारी दुपारी तिच्याकडे बसतोय. शेजारच्या मावश्यांना बोलवायला सांगितलंय. त्यांना जी ओळ एकदा ऐकून म्हणता येईल तीच ठेवायची.