रिकामं भांडं

नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही दोन वर्षं इस्तंबूलला होतो. आयासोफिया पाहिलं का, बॉस्फरसची सफर केली का, असं पुण्यात अजून लोक विचारतात. केली की. पण त्या शहराचं नाव निघालं की मला आधी आमचा जिना आठवतो.

घर आशियाच्या बाजूला, कादीकॉयला. युरोपच्या बाजूच्या एमिनोन्यू धक्क्यावरून बोटीने वीसेक मिनिटं. तिसरा मजला, लिफ्ट नाही. समोरच्या इमारतीतल्या आजी खिडकीतून दोरीने टोपली खाली सोडायच्या आणि दुकानातला पोरगा तीत पाव ठेवायचा. मी सदाशिव पेठेतल्या वाड्यात वाढलेली, त्यामुळे पहिल्याच दिवशी जीव रमला.

ऑगस्ट २०२२. मोहरमचा महिना. दारावर टकटक झाली. शेजारच्या बाई हातात काचेचा वाडगा घेऊन उभ्या. आत घट्ट खिरीसारखं काहीतरी, वर डाळिंबाचे दाणे, अक्रोड, दालचिनीची पूड. मी घाबरतच विचारलं, "एत?" म्हणजे मांस? त्या हसत सुटल्या. "एत योक, एत योक!" ती होती आशुरे. प्रलयातून वाचलेली नूहची, म्हणजे बायबलमधल्या नोहाची, नौका किनाऱ्याला लागली तेव्हा उरलंसुरलं सगळं एकत्र शिजवलं, त्याची ही आठवण. गहू, काबुली चणे, पांढरा घेवडा, जर्दाळू, अंजीर. मोठं पातेलंभर करायची आणि शेजाऱ्यांना वाटायची. खाल्ल्यावर वाटलं, ही तर आपल्या गव्हाच्या खिरीची लांबची बहीण, फक्त कडधान्याच्या घरात दिलेली.

आता वाडगा परत करायचा. आईची शिकवण अशी, की शेजारचं भांडं रिकामं परत द्यायचं नाही. काही नसलं तर निदान चमचाभर साखर. दिवाळीत क्रोशाच्या रुमालाखालून फराळाची ताटं वाड्यात फिरायची (कोणाच्या चकल्या मऊ पडल्यात हे रुमाल उचलायच्या आधीच सगळ्यांना ठाऊक असायचं), तेव्हापासून हे अंगात भिनलेलं. मी वाडगा घासला, साखर घातली आणि नेऊन दिला.

बाईंचा चेहरा पडला. साखरेकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. त्यांना वाटलं, आशुरे गोड कमी झाली म्हणून मी साखर आणून दाखवतेय! माझं तुर्की 'मांस नाही'च्या पुढे फारसं गेलेलं नव्हतं. शेवटी त्यांच्या मुलाने फोनवरून उलगडा केला, तेव्हा त्यांनी मला जवळ घेऊन गालाचे मुकेच घेतले. रिकामं भांडं परत न देण्याची रीत त्यांच्याकडेही होती. फक्त साखर नसते.

तीनच दिवसांनी नारळी पौर्णिमा. ओला नारळ काही मिळाला नाही, सुक्या किसावर नारळी भात केला. नारळाला तुर्कीत म्हणतात 'हिंदिस्तान जेविझी', हिंदुस्थानचा अक्रोड. म्हणजे आपलाच पाहुणा परक्या नावाने दुकानात बसलेला. केशर बघून बाई म्हणाल्या, "झेर्दे!" तो त्यांचा लग्नाकार्यातला केशरी गोड भात. मग आमच्या डब्यातून द्राक्षाच्या पानांच्या गुंडाळ्या आल्या, ऑलिव्ह तेलातल्या, आत भात. नवऱ्याला वाटलं अळूवडी. तळलेली नाही म्हणून हिरमुसला, पण सहा खाल्ल्या.

पुढे मी त्यांना 'तेयझे' म्हणायला लागले. म्हणजे मावशीच. आत्याला वेगळा शब्द आहे त्यांच्याकडे, आपल्यासारखाच. निघताना त्यांचा एक वाडगा माझ्याकडेच राहिला. परत घेईनात. रिकामा कसा घेऊ, म्हणाल्या.

तो आता कोथरूडच्या फ्लॅटमध्ये आहे. यंदा नारळी भात केला तेव्हा वरच्या मजल्यावर नवीन आलेल्या जोडप्याला द्यायला काढला, पण फुटेल म्हणून स्टीलचाच डबा नेला. मुलगी दारातच म्हणाली, "अहो काकू, कशाला? आम्ही ऑर्डर केलंय." पण घेतला.

चार दिवसांनी डबा आमच्या दाराच्या कडीला पिशवीत लटकत होता. लख्ख घासलेला. उघडला तर आत ओरेगानोच्या दोन पुड्या.